यादीतला तिसरा जिल्हा

२००४ साली महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या सोबतीने एका प्रयोगाची आखणी केली. त्यासाठी तीन जिल्हे निवडले: अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. प्रत्येक जिल्ह्यातली साठ गावे घ्यायची, त्यांतल्या तीस गावांत संपूर्ण स्वच्छता अभियान जोर लावून राबवायचे आणि उरलेल्या तीस गावांत नेहमीचा कारभार चालू ठेवायचा, असे ठरले. कुठले गाव कुठल्या तिसांत जाणार हे आमदाराच्या हातात नव्हते, जिल्हा परिषदेच्या सभापतीच्या नव्हते आणि गटविकास अधिकाऱ्याच्याही नव्हते. ते सोडतीने ठरायचे होते. मग काही काळाने दोन्हीकडच्या घरांत जाऊन संडास किती झाले, लोक जातात कुठे आणि लहान मुलांची वाढ कशी आहे, हे बघायचे होते.

सरकारी योजनेच्या मानाने ही वेगळीच गोष्ट होती. आपल्याकडे योजना आली की तिचा हिशेब खर्ची पडलेल्या रकमेवर आणि उभ्या राहिलेल्या बांधकामावर होतो. इतके कोटी मंजूर, इतके वाटप, इतके लाभार्थी. योजना नसती तर त्याच गावाचे काय झाले असते, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर मिळवायला योजना नसलेले, पण बाकी सगळ्या बाबतींत तसलेच गाव हाताशी लागते. सोडतीमुळे ते मिळते. तीस गावे इकडे आणि तीस तिकडे चिठ्ठीने गेली, की दोन्हीकडे श्रीमंत-गरीब, बागायती-जिरायती, हुशार सरपंच आणि झोपलेला सरपंच साधारण सारखेच वाटले जातात. नंतर जो फरक दिसेल तो योजनेचा.

ही पद्धत शेतीतून आली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात खतांची परीक्षा घेताना शेताच्या वाफ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या. पुढे डॉक्टरांनी ती औषधांसाठी उचलली. गरिबीवरच्या उपायांना ती मोठ्या प्रमाणावर लावायला १९९०चे दशक उजाडले. मेक्सिकोने १९९७ साली गरीब घरांना शाळा आणि दवाखान्याच्या अटीवर रोख रक्कम देण्याची योजना सुरू केली, तेव्हा ५०६ गावांत सोडत काढून तिची परीक्षा घेतली. केनियाच्या शाळांत मायकेल क्रेमर यांनी प्रयोग केले. मुंबईत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी या उपक्रमाची परीक्षा २००१ ते २००३ या काळात झाली. महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली तरुणी दिवसाचे काही तास वेगळे बसवून वाचन-गणित शिकवी. त्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो होते. २०१९ साली या दोघांना क्रेमर यांच्याबरोबर नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा. त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, स्वतः नामवंत अर्थतज्ज्ञ.

पण संडासाच्या प्रयोगात मुलाची उंची कशाला मोजायची? याचे उत्तर समजून घ्यायला पुण्यात जावे लागते.

१९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळवून देईल एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी होती. तिच्यावर घासून पाहिले तेव्हा १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के जनता रेषेखाली निघाली. या आकड्यांनी देशभर खळबळ उडवली. पोट भरत नाही म्हणून गरीब, आणि गरीब म्हणून पोट भरत नाही, असा तो सरळ हिशेब होता.

त्याला पुण्यातूनच आव्हान मिळाले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले, देशातल्या पीककापणी प्रयोगांना नमुना-पाहणीची शिस्त लावली, १९५१ पासून जवळपास वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि मग पुण्यात येऊन कामाला लागले. त्यांचे म्हणणे असे की माणसाच्या शरीराची गरज ठरीव आकड्याची नसते. ती दिवसागणिक हलते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या रेषेखालचा प्रत्येक माणूस उपाशी धरला तर आकडा फुगतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दांडेकर आणि सुखात्मे यांचा हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चांगलाच रंगला. सुखात्म्यांचे गणित बऱ्याच जणांना पटले नाही आणि उपासमार कमी लेखली जाईल ही दांडेकरांची धास्ती रास्त होती. पण त्या वादात सुखात्म्यांनी लावून धरलेला एक मुद्दा मागे राहून गेला, आणि तो फार मोलाचा होता: मूल काय खाते एवढेच पाहून भागत नाही, खाल्लेले अंगी लागते का ते पाहिले पाहिजे. पाणी घाण असेल, आतड्यात जंत असतील, महिन्यातून दोनदा जुलाब होत असतील, तर ताटातले उष्मांक मोजून हाती काय लागणार?

हीच गोष्ट देहूत एक डॉक्टर रोज डोळ्यांनी पाहत होते. सुहास विठ्ठल मापुसकर १९५९ साली देहूच्या दवाखान्यात रुजू झाले. येणारा पेशंट बहुतेक पोटाच्या तक्रारीचा, जंतांचा. औषध द्यायचे आणि तो पुन्हा त्याच वाटेने त्याच घाणीत जायचा. मापुसकरांनी गावाला समजावून थोडे संडास बांधून घेतले. पावसाळा आला आणि ते ढासळले. पुढे त्यांनी आयुष्य या एकाच कामाला दिले, खड्ड्यांचे आणि मैल्यापासून गॅस करण्याचे नमुने तयार केले, ‘मलप्रभा’ नावाचे गोबरगॅससारखे संयंत्र घडवले आणि देहू घरोघर संडासाचे गाव केले. २०१५ साली ते गेले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

देहूच्या कामात तुलनेचे गाव नव्हते. तसे गाव ठेवून काम करण्याचा धडा महाराष्ट्राला गडचिरोलीने दिला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि ४७ गावे तुलनेला ठेवली. ही विभागणी चिठ्ठीने झाली नव्हती, तरी मोजणी इतकी काटेकोर होती की १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती छापली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाला कळले. आज देशभर ‘आशा’ ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करतात, त्याचे मूळ या गावांत आहे. मला वाटते, गरिबीच्या प्रश्नावर महाराष्ट्राने जगाला दिलेल्या गोष्टींत या कामाचा नंबर फार वरचा लागतो.

२००० साल उजाडले तेव्हा राज्यात स्वच्छतेचे वारे होते. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि गावोगाव झाडू हाती आले. केंद्राने १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान सुरू केले होतेच. पण अनुदानाने बांधलेल्या संडासात गोवऱ्या, सरपण आणि कोंबड्या ठेवलेल्या सापडत. पैसा गेला, भिंती उभ्या राहिल्या, माणसे मात्र पूर्वीसारखीच पहाटे डबा घेऊन शिवाराकडे निघत.

नवी कल्पना आली बांगलादेशातून. राजशाही भागातल्या मोसमोइल गावात कमल कार नावाचे भारतीय सल्लागार १९९९-२००० मध्ये अनुदानाच्या योजनेचे मूल्यमापन करायला गेले होते. त्यांनी अनुदानाचा नादच सोडायला सांगितला. गावाला एकत्र बसवायचे. जमिनीवर राखेने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा: ही शाळा, ही विहीर, हे आपले घर. मग प्रत्येकाने पिवळ्या पुडीची चिमूट घेऊन आपण कुठे बसतो तिथे टाकायची. थोड्याच वेळात नकाशा पिवळा होतो आणि विहिरीभोवतीची पिवळी रेघ सगळ्यांना दिसते. पुढे हिशेब मांडायचा, एका घराचे दिवसाला किती, महिन्याला किती, गावाचे वर्षाला किती गाड्या, आणि पावसाने ते जाते कुठे. मग पाण्याचा स्वच्छ पेला पुढे करायचा, कुणीही पिईल. एक केस घ्यायचा, घाणीला लावायचा, पेल्यात बुडवायचा आणि पेला पुन्हा पुढे करायचा. कुणी हात लावत नाही. माशीला सहा पाय असतात, एवढेच मग सांगायचे.

महाराष्ट्रातले अधिकारी हे पाहून आले आणि राज्याने ही रीत उचलली. ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द सरकारी कागदावर याच वर्षांत रुळला. त्याच्याच पाठोपाठ गुड मॉर्निंग पथकेही आली. पहाटे टॉर्च घेऊन शिवारात उभे राहायचे, टमरेल जप्त करायचे, शिट्ट्या वाजवायच्या. त्या पथकांबद्दल ठामपणे बोलायला हवे. ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही, त्याची भर गावात बेअब्रू करणे हा अन्याय होता, आणि त्याचा जाच सगळ्यात जास्त बायकांना झाला. केस आणि पेल्याने माणसाला स्वतः विचार करायला लावले. शिट्टीने त्याला फक्त पुढच्या ओढ्याआड पाठवले.

अशा वातावरणात ती तीन जिल्ह्यांची आखणी झाली.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारचा जिल्हा. ग्रामसभा भरवण्याची, श्रमदानाची आणि सरकारी यंत्रणेकडून काम काढून घेण्याची तिथल्या गावांना सवय आहे. तिथे प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. सोडतीत निघालेल्या गावांत बैठका झाल्या, अभियानाची माणसे गेली, संडास बांधले गेले. दीडेक वर्षाने मोजणी झाली तेव्हा योजनेच्या गावांत तुलनेच्या गावांपेक्षा शंभरामागे साधारण आठ जास्त घरांत संडास आढळले. कुणाला हा आकडा फार थोडा वाटेल. मुलांची उंची मात्र वेगळेच बोलली.

मुलाची उंची मोजणे दिसते तितके सोपे नसते. दोन वर्षांखालचे मूल फळीवर आडवे निजवावे लागते. एक जण डोके फळीच्या टोकाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलकेच दाबून पावले सरळ करतो आणि सरकपट्टी टाचेला लावतो. मूल रडते, पाय झाडते, आई काळजीत असते. मिलिमीटरची नोंद करायची आणि वय महिन्यात पक्के करायचे. जन्मतारीख ठाऊक नसेल तर पोळा, दिवाळी, होळी धरून मागे मोजत जायचे, कारण वय दोन महिन्यांनी चुकले तरी मूल खुजे की ठीक हा निकाल बदलतो. एवढी खटपट करायचे कारण असे की वजन आठवड्याभराच्या तापाने उतरते आणि चढते. उंची पहिल्या दोन-तीन वर्षांचा सगळा ताळेबंद सांगते, आणि त्या वयात खुंटलेले मूल पुढे शाळेत आणि कमाईतही मागे राहते, असे जगभरचे अभ्यास सांगतात.

जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अर्थतज्ज्ञांनी या नोंदींचा अभ्यास करून २०१३ मध्ये जागतिक बँकेतर्फे निबंध काढला. पुढे २०१६ मध्ये तो ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. त्यांच्या हिशेबाने योजनेच्या गावांतली मुले सरासरीने उंच निघाली, चार वर्षांच्या मुलामागे साधारण १.३ सेंटिमीटर. ज्या घरांनी संडास बांधलाच नाही, त्या घरांतल्या मुलांनाही फायदा झालेला दिसला. शेजाऱ्याने उघड्यावर जाणे सोडले की आपल्या अंगणातल्या माश्याही कमी होतात, म्हणून हे पटण्यासारखे आहे. मात्र लेखकांनी अनिश्चितताही लपवली नाही. खरा परिणाम जवळजवळ शून्यापासून बराच मोठा असण्यापर्यंत कुठेही असू शकतो, एवढी रुंद त्यांची मर्यादा होती. तीस-तीस गावांच्या प्रयोगातून याहून पक्के काही सांगता येत नाही.

आता नंदुरबार.

मोजणी करणारे नंदुरबारलाही गेले होते, नांदेडलाही. तिथल्याही साठ-साठ गावांची निवड झाली होती. घरोघर जाऊन प्रश्न विचारले गेले, नोंदी झाल्या. फक्त योजना गेली नाही. सरकारने आखलेला प्रयोग या दोन जिल्ह्यांत प्रत्यक्षात झालाच नाही. निबंधात हे स्वच्छ लिहिले आहे, आणि लेखकांनी त्याचा उपयोगही करून घेतला. जिथे प्रयोग ठरला पण झाला नाही अशा जिल्ह्यांच्या नोंदी सहसा कुणाकडे नसतात. इथे त्या होत्या. म्हणून प्रयोग कुठे होऊ शकतो, याचाच त्याच्या निकालावर किती परिणाम होतो, हे त्यांना तपासता आले. नगरचा आकडा हा नगरसारख्या जिल्ह्याचा आकडा आहे, असा त्याचा अर्थ.

संशोधकांच्या दृष्टीने ही एक दुर्मिळ संधी होती. नंदुरबारच्या दृष्टीने पाहिले तर मन अस्वस्थ होते.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. तापीच्या काठी शहादा-नंदुरबारची काळी, बागायती जमीन, ऊस, केळी, मिरची. वर सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुवा. डोंगरातले गाव म्हणजे एक गावठाण नव्हे. एका महसुली गावात अनेक पाडे, आणि पाड्यातही प्रत्येक घर आपापल्या शेताच्या उतारावर, एकमेकांपासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. कुडाच्या, बांबूच्या भिंती. खाली झरा किंवा नदी. पाणी बायका डोक्यावरून चढावाने आणतात. खड्ड्याच्या संडासाला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी लागते. सहा माणसांच्या घरात त्याचा रोजचा हिशेब केला की एक जास्तीची खेप होते, आणि ती खेप घरातल्या मुलीच्या वाट्याला येते.

जमिनीवर रांगोळीने काढलेला नकाशा इथे कसा काढणार? मोसमोइल काय किंवा नगरचे गाव काय, घराला घर लागून असते. तिथे शेजाऱ्याची घाण म्हणजे आपल्या मुलाचा जुलाब, हे पेल्यातल्या पाण्यात दिसते. वस्ती जितकी दाट तितका उघड्यावरच्या शौचाचा मुलांवरचा घात मोठा, हे स्पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवलेही. मग विखुरलेल्या पाड्यांवर तो घात कमी असेल का? तिथे मुले खुजी राहण्याचे मोठे कारण आईच्या अंगातले रक्त, कमी वयातले बाळंतपण, पावसाळ्यातली टंचाई किंवा दवाखान्याचे अंतर असेल का? आणि खाली तापीकाठच्या दाट गावांत नगरसारखाच परिणाम दिसला असता का? एकाच जिल्ह्यात दोन्ही प्रकारची वस्ती होती. प्रयोग झाला असता तर या प्रश्नाला नंदुरबारइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी मिळाली नसती.

सरकार इथे पोहोचतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ मध्ये ग्रामीण रोजगार हमी कायदा देशात लागू झाला तेव्हा पहिल्याच टप्प्यातल्या जिल्ह्यांत नंदुरबार होता. त्या कायद्याचे बीज महाराष्ट्रातलेच. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमाराला तासगाव तालुक्यात करून पाहिलेली योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधानांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. राज्यात काही नवे सुरू करायचे झाले तर नंदुरबारचे नाव यादीत हटकून येते. यादीनंतरच्या दोन वर्षांत तिथे काय झाले, हे सांगणाऱ्या नोंदी मात्र कमी सापडतात.

हक्काचा आवाज या मातीत नवा नव्हता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या मागे आदिवासी शेतमजूर उभे राहिले. गहाण आणि फसवणुकीने गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी वाढवून मागितली. बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. १९७२ च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने जे मागितले ते अगदी साधे होते: काम, दाम आणि जमीन. गरिबीचे मूळ कुठे आहे हे त्या माणसांना कुठल्याही पाहणीच्या आधी ठाऊक होते, आणि संडासाच्या प्रयोगाची आखणी करणाऱ्यांनी तिथून सुरुवात केली असती तर प्रश्नांची यादी नक्कीच वेगळी झाली असती.

नगरचा निकाल येऊन थांबला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण पाठोपाठ दुसरे निकाल आले. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या धार आणि खरगोन जिल्ह्यांत २००९ ते २०११ या काळात ८० गावांत सोडतीनेच असा प्रयोग झाला. संडास असलेली घरे तुलनेच्या गावांत २२ टक्के, तर योजनेच्या गावांत ४१ टक्के झाली. म्हणजे नगरपेक्षा दुपटीहून मोठा फरक. तरीही मुलांच्या आरोग्यात फरक दिसला नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांत संडासांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेले, पण जुलाब कमी झाले नाहीत. उलट आफ्रिकेतल्या मालीत, अनुदान न देता गावाला एकत्र बसवण्याच्या त्याच रीतीने मुले उंच झालेली आढळली. २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांत पाणी, संडास आणि हात धुणे या तिन्हींनी मिळूनही उंचीत भर पडली नाही. पूरक आहाराने थोडी पडली.

या निकालांवरून काहींनी प्रयोगांनाच नावे ठेवली, ते बरोबर नाही. धार-खरगोनमध्ये संडास झाले तरी बरीच माणसे बाहेरच जात राहिली. ओडिशात बांधलेले अनेक संडास वापराविना पडून होते. निम्मे गाव बाहेर जात असेल तर माश्यांना तेवढे पुरते. नगरमध्ये बांधकाम थोडे झाले, पण गावाची सवय त्याहून जास्त बदलली असण्याची शक्यता आहे. सुखात्मे आणि दांडेकर दोघेही या आकड्यांवर आवडीने भांडले असते, आणि दोघांच्याही हाती काही ना काही लागले असते.

दरम्यान देश पुढे गेला. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, संडासामागे १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन ठरले, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी नंदुरबारचे नाव आणखी एका यादीत गेले, देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले खुजी आढळली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते.

या आकड्यातली मुले वर्षभर नंदुरबारमध्ये असतातच असे नाही. दिवाळी झाली की डोंगरातली आणि पठारावरची हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांभोवती खानदेशातून आलेल्या याच मजुरांबद्दल लिहिले आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारात काम सुरू होते, तान्हे मूल उसाच्या पाल्यावर निजवलेले असते आणि थोरली बहीण त्याच्याजवळ बसते. पडावावरच्या पालात संडास नाही, पिण्याचे पाणी कुठल्या तरी पाटाचे, अंगणवाडीच्या पटावर मुलाचे नाव नाही, कारण ते नाव मागे पाड्यावरच्या पटात आहे. होळीच्या पुढे ही मंडळी परत येतात तेव्हा बाळाच्या पहिल्या दोन वर्षांतला मोठा हिस्सा तिथेच गेलेला असतो. पाड्यावर बारा हजार रुपयांत बांधलेल्या संडासाला त्या महिन्यांत कुलूप असते. २००४ च्या यादीत गावांची नावे होती. उसाच्या फडांची आणि पडावांची नावे कुठल्याच जिल्ह्याच्या यादीत नव्हती, कारण ते फड गुजरातेत आहेत आणि मुले महाराष्ट्रातली. नंदुरबारमध्ये पुन्हा कधी असा प्रयोग आखला गेला, तर सोडतीच्या चिठ्ठ्यांवर गावांबरोबर हे पडावही लिहावे लागतील, आणि त्यासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांना आधी एका टेबलाशी बसावे लागेल.